कॅलेंडरखालचं घर

त्यांचं नाव मी लिहीत नाही. बायको हयात आहे, मुलगा पुण्याला आहे, आणि दोघंही मराठी वाचतात. शिवाय ऑफिसात त्यांना नावानं कोणी हाक मारतच नसे. मल्याळी मंडळी ‘सर’ म्हणायची, खालचे पठाण ड्रायव्हर ‘चाचा’ म्हणायचे आणि मी ‘काका’. ते मला ‘बाई’ म्हणत. ऑफिस आहे, मॅडम म्हणा, असं मी एकदा सुचवून पाहिलं. “मॅडम म्हटलं की माणूस आपोआप खोटं बोलायला लागतो,” म्हणाले. मी नाद सोडला.

शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात एसीचे डक्ट बनवणाऱ्या एका कंपनीत मी नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून सात वर्षं काढली. ‘काढली’ हेच क्रियापद बरोबर आहे. खाली वर्कशॉप, वर ऑफिस. खाली दिवसभर पत्रा वाकवायचे, त्यामुळे वर सगळे ओरडून बोलायचे आणि घरी गेल्यावरही ओरडूनच बोलायचे. अख्ख्या अमिरातीला गार हवा पोचवणारे पत्रे आम्ही बनवायचो, आणि आमच्या डोक्यावरचा एसी रंगाच्या रिकाम्या डब्यात थेंबथेंब गळायचा. व्हिसा, लेबर कार्ड, रजा, तिकिटं हे सगळं माझ्याकडे. काका एस्टिमेटर होते.

एस्टिमेटर म्हणजे बिल्डिंगचे नकाशे बघून किती पत्रा लागेल ते सांगणारा माणूस. कापताना तुकडे वाया जातात, म्हणून तो आकड्यावर वर दहा टक्के धरतो. त्याला ‘वेस्टेज’ म्हणायचं. काका हे दहा टक्के आयुष्यात सगळीकडे धरायचे. ऑफिसच्या पार्टीला वीसजण असले तर बावीस बिर्याण्या. मी “पाच मिनिटांत देते” म्हटलं, तर घड्याळाकडे बघून “साडेपाच” म्हणायचे. एकदा आमच्या मॅनेजरनं, हा लेबनॉनचा, त्यांना विचारलं की हॉस्पिटलचं कोटेशन उद्या मिळेल का. काका म्हणाले, “इन्शाल्ला, प्लस टेन पर्सेंट.” मॅनेजर बराच वेळ विचार करत उभा होता.

त्यांच्या खुर्चीमागं भिंतीवर एक चित्र होतं. होतं म्हणजे अर्धंच दिसायचं. खालच्या अर्ध्या भागावर त्यांनी एका नटबोल्टवाल्याचं भलंमोठं कॅलेंडर टांगलं होतं. वर उरला होता तो नुसता राखाडी रंग. मी नोकरीला लागल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला बोलावलं.

“बाई, तुम्ही मराठी ना? मग या इकडे. हे काय आहे, सांगा.”

“कॅलेंडर.”

“त्याच्या वर.”

“काही नाही. भिंतीचा रंग गेलाय.”

“अहो, आकाश आहे ते! नीट बघा. डावीकडे जरा पिवळट आहे, उजवीकडे निळसर. मधे काहीच नाही. काहीच नाही हे काढायला किती कठीण असतं, कल्पना आहे?”

मला नव्हती. मला त्या दिवशी अकरा पासपोर्ट इमिग्रेशनला पाठवायचे होते.

त्या चित्रात घर आहे हे मला सहा महिन्यांनी कळलं. जानेवारीत जुनं कॅलेंडर निघालं आणि नवं यायला चार दिवस उशीर झाला. तेवढ्यात मी बघून घेतलं. बर्फानं दबलेलं एक बसकं घर. भिंती पांढऱ्या, जोत्याशी निळा पट्टा. छपरावर बर्फ इतका की छप्पर कुठं संपतं ते कळत नाही. अंगणाला लाकडी कुंपण, त्याचं फाटक अर्धवट उघडं. एक निष्पर्ण झाड, आणि विहीर, तिच्यावर लांब वासा आडवा टाकलेला, पाणी वर खेचायला. धुराड्यातून धूर. एका खिडकीत पिवळा उजेड. फाटकापासून दारापर्यंत पावलं मात्र कुठंच नाहीत. बाहेर गेलेलं कोणी परत आलेलं नाही किंवा आतलं कोणी बाहेर पडलेलं नाही. मला चित्रातलं कळत नाही, पण उन्हाळ्यात शेहेचाळीस अंशाला तापणाऱ्या त्या गावात त्या बर्फाकडं बघून बरं वाटलं, हे खरं.

“काका, एवढं छान घर झाकता कशाला?”

“खालचा भाग भरतीचा आहे,” ते म्हणाले. “चित्राचं नाव ‘आकाश’. चित्रकार आकाशात तरबेज होता. नुसतं आकाश कोण विकत घेणार, म्हणून खाली घर टाकलं. आपण नाही का, डक्टच्या कोटेशनमधे ग्रिल फुकट टाकत?”

मग सगळी हकीकत सांगितली. शारजात कायमची देश सोडून निघालेली माणसं सुपरमार्केटच्या बोर्डावर चिठ्ठ्या लावायची. फ्रीज, सोफा, पाळणा, सगळं काढायचंय. अशाच एका चिठ्ठीवरून काका एका रुमेनियन नर्सकडे फ्रीज बघायला गेले. फ्रीजच्या मागं हे चित्र भिंतीला टेकवलेलं होतं. नर्स म्हणाली, हेही घेऊन जा, माझ्या सामानात बसत नाही. तिनं काकांना प्यायला पाणी दिलं आणि पाण्याला त्यांच्या भाषेत काय म्हणतात तेही सांगितलं. आपा.

“आपा, बाई! आप म्हणजे पाणी. संस्कृतच की!”

घरी येऊन त्यांनी चित्र उलटं केलं. मागं पेन्सिलनं इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘आकासा’. शेवटच्या अक्षरावर एक छोटी चंद्रकोर.

“आपल्या ॲवर असतो तसाच चंद्र. आता सांगा, आकाशावर चंद्र नाही तर काय असणार?”

या एवढ्या पुराव्यावर काकांनी सिद्धांत मांडला. ही माणसं मुळात आपलीच. त्यांच्यात आप आहे, आकाश आहे, म्हणजे पंचमहाभूतं आहेत. पंचमहाभूतं आहेत म्हणजे चित्रकारानं एकच चित्र काढणं शक्य नाही, पाच काढली असणार. पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाश. पाचवं आपल्याकडे आहे. उरलेली चार इथंच कुठंतरी, कोणाच्या तरी फ्रीजच्या मागं असणार. कारण त्या भागातली माणसं तेव्हा इकडे लोंढ्यानं येत होती, आणि तितकीच परत जात होती.

हसायला काहीच हरकत नव्हती. मीही हसले. पण माणूस दर शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी चिठ्ठ्या वाचत शारजा पालथं घालतो म्हटल्यावर पुढं हसू येईना. रशियन, बल्गेरियन, युगोस्लाव्ह, कोणी म्हणून सोडलं नाही.

एकदा मीच त्यांच्याबरोबर गेले. मला मुलासाठी पलंग हवा होता, आणि एक बल्गेरियन कुटुंब सगळं घर विकून निघालं होतं. नवऱ्याला ड्यूटी होती. मुलगा केजीत, त्याला घेऊन आम्ही तिघं शारजातल्या रोला चौकाजवळच्या त्यांच्या चौथ्या मजल्यावर गेलो. लिफ्ट बंद. नवरा-बायको दोघंही दमलेले, खोक्यांमधे बसलेले. पलंग ठीक होता. मी तो खालून-वरून बघत होते, एवढ्यात काकांनी कामाला सुरुवात केली.

“एक्स्क्यूज मी. डू यू हॅव वॉटर?”

बाईनं ग्लासभर पाणी आणून दिलं. काका गडबडले, पण सभ्य माणूस, प्यायले. मग हातांनी चौकोन दाखवून म्हणाले, “नो, नो. धिस साइझ वॉटर.” बाईनं नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं पाण्याचा जग आणला. काकांनी तोही घेतला.

“अँड फायर? फायर आहे? आय मीन, हॅव यू फायर?”

नवरा सिगारेटचा लायटर घेऊन आला. तेवढ्यात माझा मुलगा मोठ्यांदा म्हणाला, “मम्मा, व्हाय इज अंकल ड्रिंकिंग ऑल देअर वॉटर?”

मी पलंगाचं ठरवलं आणि दोघांना दंडाला धरून खाली आणलं. जिन्यात काका म्हणाले, “त्यांच्याकडे नाहीये. असतं तर लगेच समजले असते.”

बायकोचा फोन महिन्याच्या पहिल्या शनिवारी ऑफिसात यायचा. काकांच्या खोलीवर फोन नव्हता. घ्यायचाही नव्हता. त्या मिरजेच्या एका शाळेत शिक्षिका. पहिल्या वर्षी मला “अहो जाहो” करायच्या, नंतर “अगं” वर आल्या. मी उचलला की विचारायच्या, “आहेत का गं?”

काका समोर बसलेले असत. मान हलवत आणि तोंडानं, आवाज न करता, ‘मीटिंग’ म्हणत.

“मीटिंगमध्ये आहेत, काकू.”

“शनिवारीच बऱ्या मीटिंगा असतात तुमच्याकडं.”

“हो ना.”

“बरं. तब्येत?”

“बरी आहे.”

“गोड खातात का?”

“खातात.”

“खाऊ दे.”

एवढंच. असं किती वेळा झालं, मी मोजलं नाही. खोटं बोलायचं मला काही वाटायचं नाही, निम्मी नोकरी तीच होती. कंटाळा यायचा तो एकाच माणसासाठी, एकाच बाईशी, एकच खोटं परत परत बोलायचा.

मग एका वर्षी एप्रिलमधे फोन आला आणि काकूंनी तब्येत विचारली नाही.

“अगं, मीटिंग असू दे. तूच लिहून घे. माझी धाकटी बहीण आहे इचलकरंजीत. गेल्या वर्षी तिचे मिस्टर गेले. मुलाकडं राहते. सून वाईट नाही, पण दोन खोल्या आणि चार माणसं. तिला मी माझ्याकडं आणते म्हणतेय. माझ्याकडं एक खोली रिकामी आहे. ती यांची.”

“हं.”

“हे येणार असतील तर ती यायची नाही. मेव्हण्यांच्या घरात राहायचं म्हणजे तिला अवघड. हे येणार नसतील तर तिला या महिन्यात आणते. येतो म्हणाले तरी माझं काही म्हणणं नाही, नाही म्हणाले तरी नाही. पण ती तिकडं बॅग भरून बसलीय गं. हो की नाही, एवढंच सांग म्हणावं. तीस तारखेपर्यंत.”

मी शब्दन्शब्द काकांना सांगितलं. नेमका त्याच वेळी त्यांचा व्हिसा संपत होता. माझ्या टेबलावर दोन फॉर्म तयार होते. एक रिन्यूअलचा, एक कॅन्सलेशनचा. मॅनेजरला कशालाच हरकत नव्हती. काकांनी कोणत्या कागदावर सही करायची, एवढाच प्रश्न होता. दर तीन वर्षांनी ते ‘एवढं एकच’ म्हणून रिन्यूअलवर सही करत.

“घाई काय आहे?” ते म्हणाले. “चार चित्रं राहिलीत. अर्धा सेट टाकून जाता येतं का?”

त्या दिवशी माझं डोकं उठलं होतं. सकाळी ऑफिसला येताना दोन तास ट्रॅफिकमधे गेले होते.

“काका, बावीस वर्षं झाली तुम्हाला इथं. वर्षाला एक महिना रजा. म्हणजे इथं आल्यापासून तुम्ही घरी किती राहिलात? बावीस महिने. दोन वर्षंसुद्धा नाहीत.”

त्यांनी पेन्सिल उचलली. “वेस्टेज धरलंत?”

“सगळंच वेस्टेज आहे.”

हे बोलायला नको होतं, पण बोलले. ते रागावले नाहीत. पेन्सिलीला टोक काढत बसले. टोक निघालं तरी काढतच होते.

“बाई, मला तिथं चहाचा डबा सापडत नाही,” ते म्हणाले. “दर वर्षी जागा बदललेली असते. मी उठून शोधायला लागलो की ती म्हणते, तुम्ही बसा. मग मी बसतो. एक महिना बसतो. शेजारी विचारतात, कधी आलात, कधी जाणार. मी तारीख सांगतो. ती तारीखच तेवढी मला पक्की माहीत असते.”

मी दोन्ही फॉर्म ड्रॉवरमधे टाकले.

तीस तारखेच्या आठदहा दिवस आधी एका हॉटेलच्या कामासाठी कन्सल्टंटकडून एक इंजिनिअर आली. पन्नाशीची बाई, पायात सेफ्टी शूज, हातात पत्र्याची जाडी मोजायचं यंत्र. नमुना तपासायला आली होती. काकांच्या टेबलाशी बसली, मान वर केली आणि बघतच राहिली.

“धिस स्काय,” ती म्हणाली. “व्हेअर यू गॉट धिस?”

काकांचा चेहरा असा फुलला की मला भीतीच वाटली. इतक्या वर्षांत आकाश ओळखणारं हे पहिलंच माणूस.

“यू नो? यू आर फ्रॉम?”

“रुमेनिया.”

काका उठून उभे राहिले. “आकासा!” त्यांनी जाहीर केलं. “नेम ऑफ पेंटिंग. आकासा. स्काय!”

“नो,” ती म्हणाली.

“येस. आकासा, स्काय.”

“स्काय वी से ‘चेर’.” तिनं उठून सरळ कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि टेबलावर ठेवलं. मग त्या घराकडं बराच वेळ बघत राहिली. “आकासा इज होम. नॉट हाऊस. हाऊस इज ‘कासा’. आकासा… यू फिनिश ऑफिस, समबडी आस्क, व्हेअर यू गो? यू से, आकासा.”

“मे बी ओल्ड मीनिंग,” काका म्हणाले. “मे बी संस्कृत.”

“मिस्टर,” ती म्हणाली, “आय ॲम फ्रॉम देअर.”

काकांनी शेवटचा प्रयत्न केला. “अँड अदर फोर?”

“व्हॉट फोर?”

त्यांनी पंचमहाभूतं समजावून सांगितली. बोटांवर मोजून. मी मधे पडायला हवं होतं. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“देअर इज नो फोर,” ती म्हणाली. “एव्हरी फॅमिली हॅज वन लाइक धिस. हाऊस, स्नो, लिटल स्मोक. माय मदर हॅज टू. नॉट ग्रेट पेंटर. बट द स्नो इज करेक्ट.”

मग ती खाली वर्कशॉपमधे गेली, पत्र्याची जाडी मोजली, आमचा नमुना नापास केला आणि निघून गेली.

काकांनी कॅलेंडर परत लावलं नाही. ते पलीकडच्या भिंतीवर गेलं. तीन दिवस ते कोणाशी धड बोलले नाहीत. खाली मान घालून पत्र्याचे आकडे काढत होते, आणि मधेच खुर्ची फिरवून त्या घराकडं बघत बसत. चौथ्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, “चेर. आकाशाला चेर म्हणतात. किती कोरडा शब्द आहे, नाही?”

“चांगला आहे की. लहान आहे.”

“पृथ्वी, तेज, वायू… कशाकशाला मी हिंडलो हो. लोकांच्या घरात जाऊन पाणी पिऊन आलो.”

“पाणी चांगलं असतं,” मी म्हटलं.

ती बाई दुसऱ्यांदा आली तेव्हा काकांनी चित्र भिंतीवरून उतरवून, डक्टला गुंडाळायच्या इन्सुलेशनमधे नीट पॅक करून ठेवलं होतं. तिच्यासमोर ठेवलं.

“नो,” ती म्हणाली. “कन्सल्टंट कॅन्नॉट टेक गिफ्ट.”

“नॉट गिफ्ट. राँग डिलिव्हरी.” आणि काकांनी खरोखरच आमच्या कंपनीची डिलिव्हरी नोट तिच्यापुढं सरकवली. स्वतःच्या अक्षरात भरलेली. वस्तू, पेंटिंग. नग, एक. शेरा, चुकीच्या पत्त्यावर आलेला माल परत.

तिनं ती वाचली. पेन मागितलं. सही केली, खाली तारीख टाकली, एक कॉपी स्वतःकडं ठेवली. पॅकेट काखेत धरून वर्कशॉपमधे गेली आणि आमचा नमुना दुसऱ्यांदा नापास केला. मॅनेजर तिच्या नावानं ओरडत होता, आणि काका म्हणत होते, “बरोबर आहे तिचं. पत्रा पातळच आहे.”

त्याच दुपारी, तीस तारखेला अजून दोन दिवस असताना, ते माझ्याकडे आले.

“बाई, इंडियाची लाइन द्या.”

परदेशी लाइनचा कोड माझ्याकडे असायचा. इतक्या वर्षांत त्यांनी तो पहिल्यांदा मागितला. मी नंबर फिरवून दिला आणि उठून जायला लागले, तर त्यांनी हातानंच ‘बसा’ म्हटलं. खालच्या मशिनांनी त्यांचे कान बिघडवले होते, रिसीव्हर कानाला लावला की नुसतं घुमायचं, म्हणून ते तो दूर धरून बोलायचे. आणि काकूंचा आवाज पस्तीस वर्षं वर्गावर चढवलेला. न ऐकायची सोयच नव्हती.

“मी बोलतोय,” काका म्हणाले.

त्यांनी रिसीव्हर दुसऱ्या हातात घेतला.

“मी येतो म्हणतोय.”

“किती दिवसांसाठी?” काकू म्हणाल्या.

टोमणा नव्हता त्यात. शेजाऱ्यांनी विचारावं तसं साधं विचारलं होतं. बावीस वर्षं ‘येतो’ म्हटलं की पुढचा प्रश्न तोच असायचा. काकांनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि माझ्याकडं बघितलं.

“काय सांगू?”

“वन-वे तिकीट आहे म्हणावं.”

“वन-वे आहे,” काका फोनमधे म्हणाले. “कायमचा.”

खाली पत्रा वाकवायचं मशीन दोनदा आपटलं.

“अहो, तुम्ही काही कळवलंच नाहीत,” काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता, पण ऐकू येत होता. “मी तीस तारीख म्हटलं होतं खरं. पण तिकडं सुनेच्या माहेरची माणसं आली, हिला झोपायला जागा राहिली नाही. परवा जाऊन घेऊन आले मी तिला. खोली दिली तिला. आता ऊठ म्हणता येत नाही मला.”

“नाही, नाही. ऊठ कशाला?” काका म्हणाले.

“मग?”

“मग काय?”

“मग तुम्ही कुठं?”

मी ड्रॉवर उघडला आणि दोन्ही फॉर्म टेबलावर काढून ठेवले. मी काही सुचवत नव्हते. वेळ संपत आली होती एवढंच. त्यांनी फॉर्मकडं बघितलं, एक जवळ ओढला, वरचं वाचलं, दूर सारला, दुसरा ओढला. पेन माझ्या हातातून घेतलं. सही चालू असतानाच म्हणाले, “हॉलमधे काय आहे?”

“दिवाण आहे.”

“लांबी किती?”

“काय?”

“दिवाणाची. लांबी.”

“मला काय माहीत? बसायचा आहे तो.” मग तिकडं कोणाशी तरी बोलणं झालं. दुसरा बायकी आवाज आला, घाबरा, बारीक, “अगं, मी हॉलमधे झोपते की,” आणि त्यावर काकूंचा, “तू गप गं. ती माझी फूटपट्टी दे इकडं, टेबलावरची.” रिसीव्हर कुठंतरी लाकडावर ठेवल्याचा आवाज आला. मग लांबून मोजणी ऐकू यायला लागली. एक. दोन. तीन. बोट धर तिथं. चार. पाच.

काका सहा फुटांच्या वर होते. कॅन्सलेशनचा फॉर्म त्यांच्यासमोर होता आणि सही वाळत होती.

“साडेपाच!” काकू फोनवर आल्या. त्यांना धाप लागली होती.

“पाय बाहेर राहतील,” काका म्हणाले.

“राहू देत,” काकू म्हणाल्या.